घंगाळाच्या बदल्यात पायरी

माझ्या न्हाणीत एक पितळी घंगाळ आहे. दोघांनी मिळून उचलावं इतकं जड, दोन्ही अंगांना कड्या, काठावर वेलबुट्टी. घरी आलेली बाई ते बघून हमखास म्हणते की असं भांडं आता मिळायचं नाही. मी नुसती मान हलवते. हे घंगाळ माझ्याकडे कसं आलं आणि त्यापायी मी नऊ वर्षं कशी जळत राहिले, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जळणं हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. आठवणी लिहिताना माणसं स्वतःला थोडं बरं करून लिहितात. माझा हेवा इतका धडधडीत होता की त्याला कितीही पावडर लावली तरी तो लपायचा नाही.

आमचं गाव राजूरच्या पलीकडे. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या आणि उरलेल्या सगळ्या बाजूंनी कापूस. खाणीत काम करायला दूरदूरची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. गावाच्या सामायिक जमिनीत चुन्याच्या दगडाची एक जुनी, बंद पडलेली खदान होती. मी लग्न होऊन येण्याआधीच गावाने तिचं स्टेडियम करून टाकलं होतं. बैलगाड्यांनी माती आणून तळ सपाट केला आणि कडेच्या दगडात पायऱ्या कोरल्या. ज्या घरी चूल पेटते त्या घराने एक पायरी कोरायची, ती त्या घराची, आणि सगळ्या पायऱ्यांचं मिळून जे होईल ते गावाचं. त्यावर ना सरकारची पाटी होती ना कुठल्या पुढाऱ्याची. कुणाची पायरी कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं.

माझ्या सासऱ्यांची चिठ्ठी निघाली ती मैदानाच्या मधल्या रेषेसमोर, खालून चौथी. माझे सासरे चुनाभट्टीवर दगड भरणारे, तीन एकर कोरडवाहूचे धनी, राहायला बौद्धवाड्यात. गावच्या पाटलांची चिठ्ठी निघाली पार कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी. हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही, आणि सांगताना ते एकदाही हसले नाहीत. छिन्नी-हातोडा घेऊन एकट्याने त्यांनी ती आठ हात लांब पायरी कोरली होती. दर हिवाळ्यात सामने सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या पायरीला चुना मारतं. दुसरी रीत अशी की सामन्याच्या दिवशी पायरी रिकामी ठेवायची नाही, घरातलं एक तरी माणूस तिच्यावर बसलंच पाहिजे. रिकामी दिसली की लोक समजतात, त्या घरी मयत झाली.

मला फुटबॉलचं काही कौतुक नव्हतं. बावीस माणसं एका चेंडूमागे कायले धावतात, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. मला कौतुक होतं ते माझ्या जाऊबाईंचं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. त्या माझ्या आधी सहा वर्षं या घरात आलेल्या. मी जे करायला जावं ते त्यांनी आधीच करून ठेवलेलं असे, आणि चांगलं करून ठेवलेलं असे. त्यांची भाकर टम्म फुगायची, माझी कडेला फाटायची. सासऱ्यांनी पाणी मागितलं तरी नाव त्यांचं घेऊन मागत. त्या स्वतः कधी काही बोलत नसत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

सासरे गेले आणि वर्षभरात दोघा भावांची वाटणी झाली. विहाराच्या ओट्यावर गावातले पाच जाणते बसले. शेत निम्मं निम्मं झालं, घराच्या अंगणात भिंत घालायची ठरली, भांड्यांचे दोन ढीग झाले. शेवटी दोन गोष्टी उरल्या, ज्यांचे तुकडे होत नव्हते. एक सासूबाईंच्या माहेरचं घंगाळ आणि दुसरी सासऱ्यांची पायरी. नव्या चुलीला नवी पायरी द्यावी तर खदानीच्या कडेला जागाच उरली नव्हती. जाणत्यांनी सांगितलं, एकाने घंगाळ घ्या, एकाने पायरी. आमच्याकडे वाटणीत धाकट्याने आधी उचलायचं असतं. माझ्या नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी मागून बोलून गेले, "घंगाय."

ओट्यावरचे लोक हसले. जाऊबाईंनी पदर पुढे ओढला. नवरा घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालला. मी मात्र खुशीत होते. दगड काय चाटायचा आहे, असं मी त्याला दोनदा ऐकवलं. त्या रात्री मी घंगाळ चिंचेने घासलं आणि मला वाटलं, पहिल्यांदाच मी या बाईला हरवलं.

ही खुशी पहिल्या हिवाळ्यापर्यंत टिकली. सामने सुरू झाले. नागपूरच्या, कामठीच्या टीम यायला लागल्या होत्या. जाऊबाईंनी आपली एकुलती एक चांगली साडी नेसली आणि भिंतीवरून मला हाक मारली, चल, बसू. मला वाटलं, ही मला डिवचते आहे. मी म्हटलं, माझं घंगाळ घासायचं राहिलं आहे. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मी गेले, पण एकटी, आणि वरच्या बांधावर उभी राहिले. तिथे शेंगदाणे विकणारे आणि नव्याने गावात आलेले बिनपायरीचे लोक उभे असतात. तिथून मला खाली मधोमध जाऊबाई दिसल्या. मोठे दीर सामन्यांच्या कमिटीत, ते लाऊडस्पीकरवर. माझा नवरा मैदानावर चुन्याच्या रेषा आखणाऱ्यांत. पायरीवर ती एकटी राणीसारखी बसलेली, आणि येणारा-जाणारा तिला काहीतरी विचारून पुढे जात होता. आजूबाजूच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या मांडीला मांडी. तिच्याकडे ऐसपैस जागा होती. मी मनात म्हटलं, बघा, मिरवायला मिळालं की माणूस कसं पसरून बसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलं होतं, आणि ते माझं मलाच सगळ्यात आधी कळलं. पुढच्या वर्षापासून मी बांधावरसुद्धा गेले नाही. लाऊडस्पीकरचा आवाज घरात यायचा. मी दार लावून घ्यायची.

अशी आठ वर्षं गेली. मग ते कापसाचं वाईट वर्ष आलं. वाईट वर्षं त्याआधीही होती आणि नंतरही आली, पण त्या वर्षी बोंडअळीने पहिल्या वेचणीनंतर काही ठेवलंच नाही, आणि जो कापूस हाती आला त्याला भाव नव्हता. भाव चढेल या आशेवर लोकांनी तो घरातच भरून ठेवला. घरोघरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. माणसं स्वैपाकघरात निजत होती. असल्या वर्षात कमिटीने ठरवलं की सामने आंतरराष्ट्रीय करायचे. काही म्हणाले, डोकं फिरलं यांचं. माझ्या नवऱ्याने घरी येऊन मला मोठ्या दिरांचं उत्तर सांगितलं. ते म्हणाले होते, "कापसाले तं कोणी पुसून नाही राह्यलं. गावाले तरी कोणी पुसन."

नेपाळहून एक टीम आली. दुसरी होती हैदराबादेत शिकणाऱ्या आफ्रिकेतल्या पोरांची. बाकी सगळ्या आपल्याच इकडच्या. पण बॅनरवर मोठ्या अक्षरांत आंतरराष्ट्रीय लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

गावात लॉज नाही. ठरलं असं की पायरीमागे एक पाहुणा. आठ दिवस त्याचं खाणंपिणं, निजणं त्या घराने बघायचं. माझ्या घरी पायरी नाही, म्हणून पाहुणा नाही. जाऊबाईंकडे आफ्रिकेच्या टीमचा गोलकीपर आला. तो दारातून आत शिरताना वाकला आणि आत गेल्यावरही वाकलेलाच राहिला, कारण वरून कापूस लोंबत होता. पहिल्या रात्री जाऊबाईंनी त्याला कापसाच्या ढिगावर गोधडी टाकून दिली. कापसाने अंगाला खाज सुटते हे त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. रात्रभर तो खाजवत होता आणि मी भिंतीला कान लावून ऐकत होते. सकाळी दोन गोधड्या आणखी आल्या. सगळा वाडा त्याला बघायला लोटला. पोरं त्याच्या तळहाताला आपला तळहात लावून मापत होती. तिसऱ्या दिवशी तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "आई, भाकर." माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्याने थांबण्यातलं नव्हतं.

मी काय करावं? मी पाटोडीची, बेसनाच्या वड्यांची भाजी केली. ती मला त्यांच्यापेक्षा बरी जमते, एवढी एकच गोष्ट. लालभडक रस्सा, वर तर्री. वाडगाभर नवऱ्याच्या हाती पलीकडे पाठवली. वाडगा परत आला तो घासलेला, आत गुळाचा खडा. भांडं रिकामं परत करायचं नसतं. नवऱ्याने सांगितलं, पाहुण्याने घाम पुसत सगळी खाल्ली आणि कुणी केली म्हणून विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाली, माझ्या धाकटीने. मला याचाही राग आला. माझी भाजी, आणि मोठेपणा पुन्हा तिचाच.

पाचव्या दिवशी त्यांची टीम जिंकून फायनलला गेली, पण शेवटच्या उडीत गोलकीपरचा पाय मुरगळला. दोघांनी धरून त्याला घरी आणलं. खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड शाबूत आहे. उद्यापासून मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसवा, दिवसातून तीनदा. फायनलला मधे दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई माझ्या दारात आल्या. भिंत घातल्यापासून काही मागायला त्या माझ्या उंबऱ्याशी आल्या नव्हत्या. हात ओले होते.

"दोन रोज घंगाय देतं का वं?" त्या म्हणाल्या. "त्याचा पाय बादलीत मावून नाही राह्यला."

मी दार अडवून उभी होते. माझ्यामागे न्हाणीचं दार सताड उघडं होतं आणि घंगाळ आदल्याच दिवशी घासलेलं होतं. तुमच्याकडे पायरी आहे, पाहुणा आहे, आई म्हणणारा आहे, सगळं गाव तुमच्या अंगणात आहे. माझ्याकडे एक भांडं आहे. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं: "घरी नाही, बाई. कल्हईले देल्लं."

कल्हई लावतात ती स्वैपाकाच्या पितळी भांड्यांना, आतून, अन्न कळकू नये म्हणून. आंघोळीच्या घंगाळाला आमच्या सगळ्या मुलखात कुणी कधी कल्हई लावली नसेल. आणि हे मी कुणाला सांगत होते, तर माझ्याआधी सहा वर्षं तेच घंगाळ घासणाऱ्या बाईला. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मागे न्हाणीकडे त्यांनी मुळीच पाहिलं नाही. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन दिवस पलीकडे फडकी गरम पाण्यात बुडवून पिळल्याचा आवाज येत होता. त्या एकेक फडकं त्याच्या पायावर ठेवत होत्या. मी तीनदा उठले आणि तीनदा बसले. आता नेऊन दिलं तर खोटं बोलले हे उघड होणार, असं मी स्वतःला समजावत होते. जणू ते उघड व्हायचं राहिलं होतं. फायनलच्या दिवशी सकाळी त्याचा पाय टरबुजासारखा झाला होता आणि अंगात ताप होता. घंगाळाने सूज उतरली असती की नसती, मला ठाऊक नाही. त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा करायचं ठरलं. माझा नवरा आणि मोठे दीर उजाडतानाच मैदानावर गेले.

दुपारी भिंतीवरून हाक आली. जाऊबाईंचा नुसता चेहरा दिसत होता, दोन रात्री न झोपलेला.

"ऐकतं का वं. ह्याले एकट्याले टाकून मले जाता येत नाही. पायरी रिकामी पडून राहीन. तू जाऊन बस."

"मी?"

"मंग कोण? मामंजीची पायरी आहे. लोक म्हणतीन, मयत झाली घरात."

नऊ वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते मला असं मिळालं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी लग्नातली साडी काढली, केसांत अबोली माळली. खदानीपर्यंतच्या सगळ्या वाटेत मला त्या पायाची आठवण झाली नाही. वाटेत भेटणाऱ्याला मी न विचारता सांगत होते की मी पायरीवर बसायला चालले.

खदान काठोकाठ भरली होती. एवढ्या गर्दीत आमची एक पायरी रिकामी, लांबूनसुद्धा दिसत होती. जवळ गेले तर ती अर्धी मळलेली होती. आठ दिवसांच्या बसण्याने अर्ध्या भागाचा चुना निघून राखाडी दगड उघडा पडला होता. उरलेला अर्धा पांढराफेक, कालच मारल्यासारखा. लग्नातल्या साडीला चुना लागू नये म्हणून मी मळलेल्या बाजूला बसायला गेले. तेवढ्यात शेजारच्या पायरीवरच्या म्हातारीने माझा हात धरला. तिचा नवरा माझ्या सासऱ्यांच्या जोडीला भट्टीवर होता.

"ते तिची जागा आहे," ती म्हणाली. "तुयी इकडं."

आणि तिने पांढऱ्या भागाकडे बोट केलं.

मला काही कळलं नाही, तेव्हा तिने सांगितलं. जाऊबाई दर साली आठही हात चुना मारतात. चार हातांत स्वतः बसतात आणि चार हात राखतात, तिथे पोरासोरालाही बसू देत नाहीत. एकदा कुणी मोठे साहेब मधली जागा बघून तिथे बसायला आले, तर या बाईने आपली पिशवी मधे ठेवली आणि त्यांना सांगितलं की माझी धाकटी जाऊ येते आहे. "दरसाली तेच. येऊन राह्यली, येऊन राह्यली," म्हातारी म्हणाली. "आमाले वाटे, तू पायानं अधू आहेस का काय."

मी पांढऱ्या भागावर बसले. चुना गार होता. समोर माझ्या नवऱ्याने आखलेली मधली रेषा इतकी जवळ होती की चेंडूला लाथ बसल्याचा आवाज छातीत ऐकू यायचा. सासरे हसत का नसत, ते मला तिथे बसल्यावर समजलं. ही जागा घंगाळाच्या बदल्यात मी देऊन टाकली होती, आणि जिला दिली तिने ती घेतलीच नव्हती. अर्धी अजून माझीच ठेवली होती. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याच्याखाली तोच जुना विस्तव होता. इथेसुद्धा ती माझ्यापुढे निघून गेली होती, नऊ वर्षं आधी, आणि मला पत्तासुद्धा नव्हता.

नवख्या गोलकीपरच्या हातांखालून पहिला गोल गेला तेव्हा सगळी खदान हळहळली. तो उंच पोरगा असता तर अडवला असता, असं चार जण माझ्या मागेच म्हणाले. मी उठले. पायरी रिकामी पडू नये म्हणून खाली रेषेपाशी बसलेल्या नवऱ्याला खुणेने वर बोलावलं. तो चढून आला, माझ्याकडे विचित्र पाहिलं आणि पांढऱ्यावर बसला.

घरी येऊन मी चुलीवर दोन तपेल्यांत पाणी ठेवलं. घंगाळ एकटीला उचलत नव्हतं. ते मी आडवं पाडलं आणि काठावर घरंगळत गल्लीतून नेलं. असा खणखणाट झाला की नशीब, सगळं गाव खदानीत होतं. जाऊबाई आवाज ऐकून ओसरीवर आल्या. त्या आधी घंगाळाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. दुसरी कडी धरायला मी वळले तेव्हा माझ्या साडीचा मागचा भाग त्यांना दिसला असणार, पांढरा झालेला. त्या खाली उतरल्या आणि त्यांनी पलीकडची कडी धरली. घंगाळ आम्ही दोघींनी आत नेलं. मी पाणी आणलं, त्यांनी मूठभर मीठ टाकलं, पाणी सोसवतं का ते हाताने बघितलं आणि त्या पोराचा पाय उचलून आत ठेवला. तो अख्खा मावला. पोराने डोळे मिटले.

जाऊबाईंनी पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कल्हई चांगली झाली वं."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि हसता हसता रडले. हे वाक्यसुद्धा तिलाच सुचावं, याचा मला आजही राग येतो.

त्याची टीम हरली. पाहुणे गेले तेव्हा तो काठी टेकत माझ्याही दारात आला आणि मलाही आई म्हणाला, पण ते त्याला जाऊबाईंनी शिकवून पाठवलं होतं, हे मला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी घंगाळ परत आलं. आत गुळाची ढेप होती आणि ते घासलं होतं असं की माझ्या हातून ते कधी तेवढं निघालं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी उजाडायच्या आत चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन खदानीत उतरले. माझे चार हात मी तीनदा मारले. शेजारचे चार तिने आदल्या दिवशीच मारून ठेवले होते, आणि ऊन वर आलं तेव्हा तिचेच जास्त पांढरे दिसत होते.